बालगृहातल्या मुलांची नात्यातली माणसं शोधताना: अनुभव, माहिती, प्रश्न

सुमेधा_क

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत समाजकार्यकर्ती आहे. बालकल्याण समितीसमोर (आधाराची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आलेल्या मुलांच्या घरची चौकशी करायची, अहवाल द्यायचा आणि जमेल तिथे मुलाला घरी किंवा नात्यात परत पाठवायची वाट तयार करायची, हे माझं रोजचं काम. दत्तक घेण्याबद्दल इथे पुष्कळ धागे आहेत. पण बालगृहातल्या मुलाला मामा आहे, आत्या आहे, आजी आहे, तर त्यांना गाठायचं कसं आणि गाठल्यावर पुढे काय, याबद्दल काही सापडलं नाही. म्हणून हा धागा काढतेय.

बालगृहातली मुलं म्हणजे अनाथ, असं अनेकांना वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, कुणीतरी एक हयात असतं. बाप दारूत बुडालेला, आई तुरुंगात, किंवा आईचं दुसरं लग्न झालंय आणि नव्या घरात पहिल्या मुलाला जागा नाही. ज्यांचं खरंच आई-बाप दोन्ही छत्र गेलंय त्यांनाही आजी असते, चुलते असतात, आईच्या बहिणी असतात. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. कित्येकदा मूल कुठे आहे हेच त्यांना माहीत नसतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये जी तत्त्वं दिली आहेत, त्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीसमोर आणायचं, १५ दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल द्यायचा आणि ४ महिन्यांत चौकशी पूर्ण करून अंतिम आदेश काढायचा. कलम ३७ खाली समिती मुलाला पालकांकडे किंवा कुटुंबात परत पाठवू शकते, समितीने पारखलेल्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात देऊ शकते, प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) ठेवू शकते, आर्थिक साहाय्याचा आदेश देऊ शकते. बालगृह हा त्या यादीतला एक पर्याय आहे, एकमेव नाही.

पण १५ दिवस किती पुरतात? ही चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे फायलींचा ढीग असतो. बहुतेक वेळा वडिलांच्या गावाला एक फेरी होते, घराला कुलूप दिसतं, शेजारी सांगतात "ते लोक इथं राहत नाहीत", आणि अहवालात 'नातेवाईक आढळून आले नाहीत' असं वाक्य बसतं. त्या एका वाक्यावर मुलाची पुढची आठ-दहा वर्षं ठरतात. मला या वाक्याचा फार राग आहे.

आणि सगळ्यात जास्त सुटतं ते आजोळ. अर्जावर वडिलांचं नाव, वडिलांचं गाव, म्हणून शोधही भावकीतच होतो. आईचं माहेर कुठलं, हा प्रश्न कागदावर सहसा नसतोच. माझा अनुभव असा की मुलाला पोटाशी धरणारं माणूस बऱ्याचदा तिकडूनच निघतं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. आई आजारपणात गेलेली, वडील त्याआधीच परागंदा. मुलगी नऊ-दहा वर्षांची. तिला मामा आठवत होता, पण नुसता 'नाना' म्हणून. गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. मायलेकी भाड्याने राहत त्या खोलीत घरमालकाने त्यांची पत्र्याची पेटी जपून ठेवली होती. तिच्या तळाशी, साड्यांखाली, एक लग्नपत्रिका होती. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. मराठी लग्नपत्रिका म्हणजे अख्खं खानदान छापलेलं असतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. वर कुलदैवत, मग वराकडचे आजोबा, खाली निमंत्रक, मग चुलते, मग आत्या-मावश्यांचे यजमान गावासकट, कुणाचं कुठं किराणा दुकान तेही. आणि सगळ्यात खाली किलबिल. "आमच्या नानामामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्याखालच्या चिल्यापिल्यांच्या नावांत या मुलीचं नाव. पत्रिकेवरच्या दुकानाचा मोबाइल नंबर चालू होता.

तेव्हापासून मी गृहभेटीला गेले की पत्रिका, दशक्रियेचं पत्र, वास्तुशांतीचं निमंत्रण, जे काही असेल ते मागते.

तुमच्यापैकी कुणी या कामात असाल, किंवा नात्यातलं मूल सांभाळत असाल, तर लिहा.

---

अनघा_वाचक

फार गरजेचा धागा. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत जवळच्या बालगृहातली मुलं येतात. त्यांना घरच्यांबद्दल विचारावं तर ती गप्प होतात, म्हणून आम्ही विचारतच नाही. तुम्ही कसं विचारता?

---

सुमेधा_क

अनघाताई, "तुझे नातेवाईक कोण?" असं विचारलं की मूल मिटतं. पोलिसांनी विचारलेलं असतं, समितीत विचारलेलं असतं, अधीक्षकांनी विचारलेलं असतं. मी रोजच्या गोष्टीतून जाते. राखी कुणाला बांधायचीस? दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचात? तिथं एसटीने जायचात की रेल्वेने? वाटेत काय दिसायचं, साखर कारखाना, डोंगर, मोठं देऊळ? आईला कुणाचा फोन आला की ती बाहेर जाऊन बोलायची? तुम्ही आजारी पडलात तर कोण यायचं? जत्रेला कुणाच्या खांद्यावर बसायचास?

एका मुलाने सांगितलं होतं की मामाच्या गावाला जाताना बोटीत बसावं लागायचं. धरणाच्या फुगवट्यापलीकडची थोडीच गावं तशी असतात. तेवढ्यावरून तालुका हाती लागला.

एकदा विचारून थांबू नका. मुलाचा विश्वास बसला की नावं आपोआप निघतात, कधी खेळताना, कधी केस विंचरून देताना. बालगृहातल्या काळजीवाहक मावशींना सगळ्यात जास्त माहिती असते आणि अहवाल लिहिताना त्यांनाच कुणी विचारत नाही. एक पथ्य मात्र पाळा. "मी तुझ्या मामाला शोधून आणते" असं कबूल करू नका. मूल रोज दाराकडे बघत बसतं.

---

निवृत्त_तलाठी

सुमेधाताई, एक सुचवतो. आम्ही महसूलवाले, आमच्याकडे माणसं कागदात सापडतात. आईचं माहेरचं गाव आणि आडनाव कळलं, तर त्या गावात आजोबांच्या नावाचा सातबारा बघा. आजोबा वारले असतील तर वारसाची नोंद झालेली असते. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही आणि त्यावरून धरलेला फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), यात मुलगे-मुली सगळ्यांची नावं येतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. म्हणजे एका फेरफारात मामा आणि मावश्या एकदम मिळतात. सातबारा ऑनलाइन दिसतो. जुना फेरफार लागला तर तलाठी कार्यालयात विचारा, बालकल्याण समितीचं पत्र दाखवलं तर कुणी अडवणार नाही.

जमीन नसेल त्यांच्यासाठी रेशन दुकानदार आणि पोलीस पाटील. कोण कुठं कामाला गेलं, कुणाचं कार्ड कुठं वेगळं झालं, हे दुकानदाराला पाठ असतं.

---

सुमेधा_क

काका, हे सोन्यासारखं आहे. फेरफाराचा मार्ग मी वापरलाय, पण ६-क नोंदवहीबद्दल माहीत नव्हतं. मनापासून आभार.

यात भर: शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर आधीच्या शाळेचं नाव असतं, तिथे गेलं की प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये मुलाला कोणी आणून घातलं त्याची सही मिळते, ती बऱ्याचदा काकाची किंवा आजोबांची असते. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे बाळंतपणाची नोंद असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पुन्हा आजोळ.

आधारचाही उपयोग होतो. बालगृहात मुलाची आधार नोंदणी करायला जावं आणि अर्ज वारंवार नाकारला जावा, याचा अर्थ कदाचित त्या बोटांचे ठसे आधीच कुठल्यातरी आधारला जोडलेले असतील. नागपुरात २०२१ मध्ये असंच झालं. तिथे एका कुटुंबाने वाढवलेल्या मुलाची नोंदणी होईना, मानकापूरच्या आधार केंद्रात छडा लावला तेव्हा त्याचं मूळ घर जबलपूरला निघालं. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतलेच जात नाहीत, त्यामुळे अगदी लहानपणी हरवलेल्या मुलांसाठी हा उपाय चालत नाही.

---

पालावरचा_मास्तर

आमच्या भटक्या-विमुक्त मुलांसाठी यातला एकही कागद चालत नाही. सातबारा नाही, कित्येकांचं रेशनकार्ड नाही, लग्नपत्रिका छापत नाहीत. गाव विचारलं तर पोरगं सांगतं "पाल". याचा अर्थ नातं नाही असा नाही. आमच्यात नातं माणसांच्या तोंडी असतं. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, होळी ते पाडवा, तिथे ठिकठिकाणचे भटके समाज जमतात. मूल कुठल्या समाजाचं, बोली कुठली, बाप कुठला धंदा करायचा एवढं कळलं तरी जाणती माणसं दोन दिवसांत सांगतात की हे अमक्याचं नातवंड. समितीने अशा माणसांना विचारायची सवय लावली पाहिजे. पोरगं बोलतं ती बोली येणारं माणूस आधी बोलवा. हिंदी-मराठीत विचारल्यावर ते काय सांगणार?

---

सुमेधा_क

मास्तर, अगदी खरं. ऊसतोड कामगारांच्या मुलांचंही तसंच. दिवाळीनंतर घरं बंद, टोळी या कारखान्यावरून त्या कारखान्यावर, मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं सोडून कुणी नसतं. त्या दिवसांत गृहभेटीला गेलं तर कुलूपच दिसणार. तिथे टोळी नेणाऱ्या मुकादमाची वही कामाला येते. उचल (आगाऊ रक्कम) कुणाला दिली, त्याच्या जोडीला कोण, जामीन कोण राहिलं, सगळं त्यात असतं. आणि जामीन राहणारा बहुधा मेव्हणा किंवा चुलतभाऊच असतो.

---

रानवाट

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहितोय.

आई-वडील गेल्यावर मला आणि बहिणीला चुलत्याने नेलं. गावाला वाटलं केवढं मोठं मन. मी सातवीत शाळा सोडली, शेरडं राखली. बहिणीचं सोळाव्या वर्षी लग्न लावलं. वडिलांची दीड एकर चुलत्याच्या पोराच्या नावावर आहे. आम्हाला बघायला कधी कुणी आलं नाही. बालगृहात असतो तर निदान दहावी झालो असतो असं आजही वाटतं. नात्यात दिलं म्हणजे झालं, असं कृपा करून कुणी समजू नका.

---

अनघा_वाचक

रानवाट, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. वाचून फार वाईट वाटलं.

---

सुमेधा_क

रानवाटदादा, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक समितीच्या टेबलावर असायला हवं. तुमच्या वेळी गावाने परस्पर ठरवलं, कुठला आदेश नाही, कुणाची देखरेख नाही. आजही बहुसंख्य मुलं अशीच परस्पर नात्यात जातात.

म्हणून शोध जितका महत्त्वाचा तितकीच पारखही. घरी जाऊन मी काय बघते ते सांगते. मूल झोपणार कुठे? घरात दारू पिणारं, अंगावर हात टाकणारं कुणी आहे का? घरातली स्वतःची मुलं शाळेत जातात का, विशेषतः मुली? वयात आलेल्या मुलीला मागणारं नातं असेल तर तिच्या लग्नाची घाई तर नाही ना? मुलाच्या नावावर जमीन, विमा, मुदतठेव आहे का, आणि नातेवाईक बोलताना मुलाआधी त्या पैशाजमिनीचा विषय काढतो का? कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवली. त्यानंतर वर्षानुवर्षं न फिरकलेले काही चुलते अचानक हजर झाले. सगळेच वाईट नव्हते, पण विचारावं लागतं.

आणि मुलाला वेगळं बसवून विचारायचं. नातेवाइकासमोर कधीच नाही. "त्या घरात तुला कुणाची भीती वाटते का?" हा प्रश्न सरळ विचारायचा. मूल "नको" म्हणालं तर ते ऐकायचं, कारण कळो न कळो. मूल गेल्यावरही गृहभेटी चालू राहिल्या पाहिजेत, आणि भेटीत मुलाशी एकट्याने बोलणं झालंच पाहिजे. समिती देखरेखीसह ताबा देऊ शकते, ती देखरेख आदेशात लिहून घेण्याचा मी आग्रह धरते.

---

प्राजक्ता_कॅलि

मी कॅलिफोर्नियात काउंटीच्या बालकल्याण विभागात काम करते, मूळची साताऱ्याची. इथे २००८ च्या एका केंद्रीय कायद्याने हे काम सक्तीचं केलंय. मूल घरातून काढल्यापासून ३० दिवसांत त्याच्या सगळ्या प्रौढ नातेवाइकांना शोधून कळवायचं, दोन्हीकडच्या आजी-आजोबांसकट. हिंसाचाराचा धोका असेल तिथे अपवाद. नुसतं "मूल न्याल का?" असं विचारत नाहीत. तुम्ही कसे सहभागी होऊ शकता, त्याचे पर्याय कळवायचे असतात. यामागचा विचार केव्हिन कॅम्पबेल या बालकल्याण क्षेत्रातल्या अमेरिकन कार्यकर्त्याने मांडला. युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेली कुटुंबं जशी शोधतात तशीच या मुलांचीही शोधावीत, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला एकदोन नावं मिळाली की थांबायची मुभा नसते. दहा, वीस, चाळीस नावं काढायची. त्यातले बहुतेक मूल नेणार नाहीत. पण कुणी फोटो देईल, कुणी दर रविवारी फोन करेल, कुणी वाढदिवसाला येईल. मग सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनाच ठरवू द्यायचं. ही बैठकीची पद्धत न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात आणली, तिथल्या मूळ रहिवासी माओरी कुटुंबांच्या रीतीवरून.

---

सुमेधा_क

प्राजक्ता, तुझं शेवटचं मला फार पटलं. मी नातेवाइकाला पहिल्या फोनवर "मुलाला घेऊन जाल का?" असं कधीच विचारत नाही. समोरचा माणूस घाबरतो. हातावर पोट असतं, दोन खोल्यांत सहा जण असतात, तो पटकन 'नाही' म्हणतो आणि एकदा नाही म्हटलं की परत तोंड दाखवायला लाजतो. मी आधी सांगते की मूल सुखरूप आहे, अमुक इयत्तेत आहे, तुमची आठवण काढतं. भेटायला याल का? बस्स. उरलेलं हळूहळू होतं.

आपल्या कायद्यातही याला जागा आहे. कलम ९८ खाली समिती मुलाला नात्यातलं लग्न, मयत, आजारपण अशा प्रसंगी रजेवर घरी पाठवू शकते, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवास सोडून.

---

मीनल_एन

सुमेधाताई, माझा प्रश्न अगदी घरचा आहे. माझी मावसबहीण दीड वर्षापूर्वी गेली. तिची दोन मुलं, मुलगा अकराचा आणि मुलगी सातची, दुसऱ्या जिल्ह्यात बालगृहात आहेत हे आम्हाला आत्ता कळलं. दोघं वेगवेगळ्या बालगृहात आहेत कारण मुलांचं आणि मुलींचं वेगळं असतं म्हणे. माझे मिस्टर तयार आहेत. सासूबाई नाही म्हणतात, खर्चाचं म्हणतात आणि "परक्या पोरांची जबाबदारी" म्हणतात. आम्ही काय करायला हवं? वकील लागेल का?

---

सुमेधा_क

मीनलताई, तुम्ही मुलांना घ्यायला तयार आहात हे वाचून खूप बरं वाटलं. वकील लागत नाही. मुलं ज्या जिल्ह्यात आहेत तिथल्या बालकल्याण समितीला साधा अर्ज लिहा: तुम्ही कोण, नातं काय, मुलांना भेटायचंय आणि ताबा घ्यायची तयारी आहे. नात्याचा पुरावा जोडा, तुमच्या आईचे आणि मावशीचे दाखले, जुने फोटो, लग्नपत्रिका, जे असेल ते. तुमच्या घरची चौकशी तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडून करून घेतली जाईल. त्या वेळी सासूबाई घरात असू द्या. त्यांना बोलू द्या. त्यांची काळजी खर्चाची आहे, ती खरी आहे, आणि अधिकाऱ्याने उत्तर दिलं की ती निम्मी होते.

खर्चाचं सांगते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आता एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात, आधी १,१०० होते आणि त्याआधी ४२५. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये आर्थिक साहाय्य महिना ४,००० आहे, त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. तुम्हाला कुठली लागू होते ते कक्षात विचारा. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला पडतीलच असं धरून घरखर्च ठरवू नका.

दोघं भावंडं एकत्र राहावीत असं अर्जात ठळक लिहा. कलम ४४ मध्ये प्रतिपालक कुटुंबाबाबत भावंडांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, त्याचा आधार घ्या. आणि उशीर करू नका. सोडून दिलेलं किंवा अनाथ मूल दोन वर्षांखालचं असेल तर २ महिन्यांत, त्यावरचं असेल तर ४ महिन्यांत दत्तकासाठी मोकळं घोषित करायचं असतं. तुमच्या भाच्यांबाबत तसं काही झालंय का, हे पहिल्याच भेटीत समितीला विचारा.

---

निवृत्त_तलाठी

मीनलताई, बहिणीच्या नवऱ्याकडची जमीन असेल तर मुलांची नावं वारस म्हणून लागली आहेत का तेही बघून ठेवा. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) म्हणून लागतात, पालनकर्त्याच्या नावासह. त्यात कुणाचं नाव घुसलंय ते कळेल.

---

मीनल_एन

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. रानवाटदादांचं वाचल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या आधी पोरांना बघून तर येऊ. सोमवारी अर्ज देतोय. बालसंगोपनला कुठले कागद लागतात? आणि मुलं वर्षाच्या मध्येच आली तर शाळा घेईल का? जुना दाखला मिळायला वेळ लागेल असं वाटतं.

---

सुमेधा_क

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. मुलांचे आणि तुमचे आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आईचा आणि वडीलही गेले असतील तर त्यांचा मृत्यू दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाइड, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटो. फोटो ताबा मिळाल्यावरच निघेल, बाकीचे कागद आत्तापासून जमवा. मृत्यू दाखला ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद झाली तिथेच मिळतो, त्याला वेळ लागतो.

शाळेचं काळजीचं काही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. मुख्याध्यापक अडून बसले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. सोमवारी समितीत जाताना दोघांना आवडणारं काही खाऊ घेऊन जा, आणि तुमच्याकडे त्यांच्या आईचा एखादा फोटो असेल तर त्याची प्रत दोघांसाठी वेगवेगळी काढून न्या.